तांबड्या मातीचा खेळ आणि क्रीडावाहिनीचा हिशेब

— द्वितीय वर्ष कला

रायगड जिल्ह्यात कबड्डीचे मंडळ नाही असे गाव शोधून काढणे कठीण आहे. भाताची कापणी-झोडणी उरकली, शेते मोकळी झाली, की गावोगाव रात्रीचे सामने सुरू होतात आणि पहिला पाऊस पडेपर्यंत ते चालू राहतात. आमचे घर पेण तालुक्यात, हमरापूरच्या बाजूला. आत्या दिली आहे रोहा तालुक्यात. त्यामुळे दिवा-रोहा गाडीने इकडून तिकडे जाऊन दोन्ही तालुक्यांतले सामने पाहण्याचा योग मला लहानपणापासून आला. या खेळाविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय खेळ हा नसून तो दाखविणारी वाहिनी हा आहे. बदलत्या बाजारपेठेत उद्योगसंस्था आपले धोरण कसे बदलते, हे प्रकरण अर्थशास्त्राच्या पुस्तकात वाचताना मला फार रुक्ष वाटले होते. ते थोडेफार समजले ते कबड्डीमुळे, म्हणून हा खटाटोप.

सुरुवात मी आठ वर्षांची असतानाच्या एका आठवणीने करते. माझे बाबा गणपतीच्या कारखान्यात काम करतात. २०१४ साली गणेशचतुर्थी २९ ऑगस्टला होती. चतुर्थीच्या आधीचा महिना-दीड महिना आमच्याकडे रात्र आणि दिवस यांत फरक नसतो. रंगकाम, आखणी, भरणी सगळे एकदम अंगावर येते. बाबांचा डबा घेऊन मी संध्याकाळी कारखान्यात जात असे आणि तिथेच रेंगाळत असे. त्या वर्षी कोपऱ्यातल्या दूरचित्रवाणी संचावर रोज रात्री आठच्या सुमारास कबड्डी लागू लागली. पहिला सामना २६ जुलै रोजी मुंबईत झाला. यू मुंबा संघाने जयपूर पिंक पँथर्सला ४५-३१ असे हरविले. कारखान्यात त्या रात्री जो गलका झाला तो मला अजून आठवतो. अंतिम सामना ३१ ऑगस्टला झाला. तोवर मूर्ती आपापल्या घरी पोहोचल्या होत्या, दीड दिवसाच्या गणपतींचे विसर्जनही झाले होते आणि कारखाना रिकामा होता. रिकाम्या फळ्यांसमोर बसून आम्ही यू मुंबाला त्याच जयपूरकडून २४-३५ असे हरताना पाहिले.

यात एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली, तिचा अर्थ मात्र पुष्कळ उशिरा कळला. क्रिकेटचा सामना लागला की कारखान्यातले काम मंदावत असे. मालक संच बंद करायला लावत. कबड्डीच्या वेळी तसे झाले नाही. चढाई ३० सेकंदांची. कारागीर कुंचला उचलून वर बघे, चढाई संपे, पुन्हा खाली बघे. डोळ्यांची आखणी करणारे तेवढे संचाकडे पाठ करून बसत, कारण तिथे हात हलून चालत नाही. पण त्यांनाही ओरड्यावरून गुण कोणाला मिळाला ते समजत असे. दिवसभर राबलेल्या माणसाला जेवढे लक्ष देणे परवडते तेवढ्यातच हा खेळ बसत होता.

आता वाहिनीकडे वळू. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. भारतात दूरचित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ चे. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे घरबसल्या खेळ दाखविणारा एकच होता, तो म्हणजे दूरदर्शन. ज्याला स्पर्धक नाही त्याला धोरण बदलण्याची गरजही पडत नाही. १९९१ मध्ये उपग्रहावरून स्टारच्या वाहिन्या आल्या. १९९३ च्या हिरो चषक स्पर्धेच्या वेळी सामने दाखविण्याचा हक्क कोणाचा, यावरून वाद न्यायालयात गेला आणि ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, असा निर्णय दिला. तेथून खरा बाजार सुरू झाला. १९९६ मध्ये ईएसपीएन व स्टार स्पोर्ट्स यांनी भागीदारी केली; २०१२ मध्ये ती संपून सर्व कारभार स्टारकडे आला. नोव्हेंबर २०१३ मध्ये स्टारने आपल्या क्रीडावाहिन्यांची नव्याने मांडणी केली आणि त्यांत हिंदी समालोचनाची स्वतंत्र वाहिनी ठेवली. इंग्रजी न येणारा माणूसही खेळ बघतो, हे आमच्या कारखान्यात कोणीही सांगितले असते. असो, उशिरा का होईना, त्यांच्या ध्यानात आले.

पण या बाजारात एक मोठी अडचण होती. ती समजण्यासाठी आपल्याकडच्या आंब्याच्या बागांचे उदाहरण घेते. व्यापारी मोहोर पाहून बाग मक्त्याने घेतो. औषधे तो मारतो, राखण तो करतो, फळ विकून पैसेही तोच करतो. परंतु झाडे बागवाल्याची ती बागवाल्याचीच. पुढच्या वर्षी भाव वाढवून मागितला तर वाढवून द्यायचा, नाही तर दुसरा मक्तेदार उभाच असतो. आणि व्यापाऱ्याने जितकी चांगली राखण करावी तितका पुढच्या वर्षीचा मक्ता महाग होतो! क्रिकेटचे नेमके असेच आहे. २०१२ मध्ये स्टारने भारतातील सामन्यांचे हक्क २०१८ पर्यंत घेतले ते ३,८५१ कोटी रुपयांना. २०१८ मध्ये त्याच हक्कांसाठी पाच वर्षांना ६,१३८ कोटी मोजावे लागले. आयपीएलचे पाच वर्षांचे हक्क सप्टेंबर २०१७ मध्ये १६,३४७.५ कोटींना घेतले. अशी बाग फुलवून वाहिनीच्या हाती शेवटी काय उरते, हा प्रश्न कोणाही हिशेबी माणसाला पडेल.

कबड्डीचे पाऊल या प्रश्नाचे उत्तर आहे, असे माझे मत आहे. स्वतःच्या जागेत स्वतःचे कलम लावायचे! कलम लावले ते मुळात स्टारने नव्हे. समालोचक चारू शर्मा आणि उद्योगपती आनंद महिंद्र यांनी मशाल स्पोर्ट्स ही संस्था काढली. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत कबड्डीला मिळालेला प्रतिसाद पाहून शर्मांना ही कल्पना सुचली होती. २०१४ ची प्रो कबड्डी लीग मशालने भरविली आणि स्टारने दाखविली. पण पहिले फळ धरताच, २०१५ मध्ये, स्टारने मशालमधील ७४ टक्के हिस्सा घेतला. म्हणजे दाखविणारा आणि भरविणारा एकच झाला. यापुढे सामने कधी घ्यायचे, किती संघ ठेवायचे, हे ठरविताना वाहिनीला दुसऱ्या कोणाच्या दारी लिलावाला उभे राहायला नको.

वेळेची निवडही पाहण्यासारखी आहे. आयपीएल उन्हाळ्यात असते. २०१४ साली फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा १३ जुलैला संपली. भारतीय संघ इंग्लंडमध्ये कसोट्या खेळत होता हे खरे. तरी दिवस कामावरून परतणाऱ्याच्या दृष्टीने जुलै-ऑगस्टच्या रात्री रिकाम्याच होत्या. आणि गंमत अशी की, याच काळात आपल्या भागातली मातीची मैदाने चिखलाने बंद असतात. लावणी आटोपलेली, बाहेर मुसळधार पाऊस, सामना बघायला कुठे जाणार? क्रीडांगण छपराखाली असल्याने त्यांना पावसाचे भय नव्हते. वाहिनीने आमचा खेळ आमच्या हातून काढून घेतला असे कोणी म्हणत असेल, तर निदान पहिल्या वर्षी तरी आम्ही तो पावसामुळे मांडणीवर ठेवलेला असतानाच त्यांनी उचलला, हे सांगितले पाहिजे.

मात्र उचलला तसाच्या तसा दाखविला नाही. मातीतल्या सामन्यात आघाडीवर असलेला संघ काय करतो हे वाचकांना ठाऊक आहे. चढाई करणारा जातो, निदान रेषेला पाय लावतो, थोडा नाचल्यासारखे करतो आणि परत येतो. वेळ जातो, गुण मात्र हलत नाही. मैदानात ते खपते. माणसे तेवढ्यात शेजाऱ्याशी बोलतात, भेळ खातात. पडद्यासमोरच्या माणसाच्या हातात मात्र वाहिनी बदलण्याची कळ असते. म्हणून लीगने नियम केला की दोन चढाया कोऱ्या गेल्या तर तिसरीत गुण घेतलाच पाहिजे, नाही तर चढाई करणारा बाद. दुसरा नियम जोरदार पकडीचा : बचावाला तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरले असताना पकड झाली तर एक गुण जास्तीचा. पूर्वी तीन जण उरले की लोण पडणार म्हणून निम्मे प्रेक्षक हिरमुसत. आता नेमकी तिथेच उत्सुकता वाढते. सामना २० मिनिटांच्या दोन डावांचा, म्हणजे मध्यंतर व जाहिराती धरून तासाभरात आटोपतो. मालिकांची सवय लागलेल्या घरात तेवढीच जागा मिळते.

मातीऐवजी मॅट आली, उघड्या पायांऐवजी बूट आले, प्रेक्षक अंधारात गेले आणि क्रीडांगण तेवढे उजेडात राहिले. चढाईचे सेकंद पडद्यावर मोजले जाऊ लागले. पकड कोणत्या घोट्याला बसली हे पुन्हा हळू करून दाखविता येऊ लागले. मी कित्येक वर्षे कडेला उभी राहून सामने पाहिले होते. परंतु कोपऱ्यातला रक्षक पाय कसा टाकतो आणि शेजारी साखळी धरून कसा सरकतो, हे मला वरून घेतलेल्या दृश्यामुळे प्रथम नीट दिसले. याचे श्रेय वाहिनीला दिलेच पाहिजे. आत्या मात्र अजून म्हणते, “अगं, त्या खेळाला धुरळा नाही, मग कबड्डी कसली?”

पहिल्या वर्षी ४३.५ कोटी लोकांनी ही लीग पाहिली असे आकडे प्रसिद्ध झाले, आयपीएलच्या खालोखाल. त्या वेळच्या लिलावात सर्वांत मोठी बोली राकेशकुमारवर लागली होती, १२ लाख ८० हजारांची. चार वर्षांनी, २०१८ मध्ये, मोनू गोयतला १ कोटी ५१ लाख मिळाले. आणि २०१९ मध्ये आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई १ कोटी ४५ लाखांना गेला. शेतकऱ्याच्या मुलाच्या नावापुढे असा आकडा पूर्वी फक्त सोडतीच्या तिकिटावर दिसत असे.

वाहिनीच्या सगळ्याच उड्या अचूक पडल्या असे मात्र नाही. २०१६ मध्ये एका वर्षात दोन हंगाम घेऊन पाहिले, जानेवारी ते मार्च आणि पुन्हा जून-जुलै. तो प्रकार नंतर चालू ठेवला नाही. २०१७ मध्ये आठांचे बारा संघ झाले आणि स्पर्धा २८ जुलैपासून २८ ऑक्टोबरपर्यंत, तीन महिने लांबली. जाहिराती दाखवायला तीन महिने मिळाले हे खरे, पण आमच्या कारखान्यात दिवाळी येईपर्यंत कोणता संघ कुठे आहे हे सांगणारा एकच जण उरला होता. ऋतू संपल्यावर भाजी महाग होते, खेळाचे तसे होत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येते. २०१६ च्या जून-जुलैमध्ये पुरुषांच्या हंगामाबरोबर महिलांची स्पर्धाही दाखविण्यात आली. तीन संघ होते : फायर बर्ड्स, आइस दिवाज आणि स्टॉर्म क्वीन्स. आपल्या मुंबईची अभिलाषा म्हात्रे एका संघाची कर्णधार होती. ३१ जुलैला झालेल्या अंतिम सामन्यात स्टॉर्म क्वीन्सने फायर बर्ड्सवर २४-२३ असा एका गुणाने विजय मिळविला. मी तेव्हा दहा वर्षांची होते. त्या रात्री आत्या आमच्याकडे आली होती. लग्नापूर्वी तीही खेळायची. साडीचा काचा मारून, शाळेच्या पटांगणात. सामना संपेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. मग मला म्हणाली, “पुढच्या वर्षी लागेल तेव्हा मला आठवण कर.” पुढच्या वर्षी तो लागला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. पुरुषांचे आठ संघ बारा झाले, महिलांचे तीन मात्र शून्य झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारतीय महिलांनी तैवानच्या संघाला २६-२५ असे हरवून सुवर्णपदक घेतले आणि ते त्या स्पर्धेतले भारताचे शंभरावे पदक ठरले. तरीही वाहिनीने तो प्रयोग पुन्हा हाती घेतला नाही.

अर्थशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला याचे उत्तर देता येते. नवे उत्पादन बाजारात आणले, अपेक्षित मागणी दिसली नाही, मागे घेतले. पण पुरुषांच्या कबड्डीला तरी २०१४ पूर्वी शहरात कोणती मागणी होती? ती रोज रात्री आठ वाजता, आठवडेच्या आठवडे दाखवून निर्माण केली. तीन संघांचे मोजके सामने दाखवून मागणी नाही असे ठरविणे, हे एक शिंपण घालून कलम जगले नाही म्हणण्यासारखे झाले. वाहिनी धर्मादाय संस्था नाही, हे मला मान्य आहे. परंतु ती बाजाराच्या मागून चालते असे जे सांगितले जाते ते निम्मेच खरे आहे. जिथे तिला पाहिजे तिथे ती बाजाराच्या पुढे चालते.

यानंतर पडदाच बदलला. १ फेब्रुवारी २०१९ पासून वाहिनीगणिक पैसे भरण्याची पद्धत आली. आमच्या घरी कोणत्या वाहिन्या ठेवायच्या यावर चर्चा झाली आणि आईच्या एका मताच्या बहुमताने मालिका राहिल्या, क्रीडावाहिनी गेली. अशी किती घरे असतील! पण तोपर्यंत दुसरी वाट तयार झाली होती. स्टारने फेब्रुवारी २०१५ मध्येच हॉटस्टार सुरू केले होते आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर मोबाईलवर सामना बघणे आमच्यासारख्यांनाही परवडू लागले. गाडीत, एसटीच्या थांब्यावर, कारखान्यात रंगाच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाईलवर लोक सामने बघू लागले. मग बागवाल्यानेही बागेचे दोन भाग केले. जून २०२२ मध्ये आयपीएलचे दूरचित्रवाणीचे हक्क वेगळे आणि मोबाईल-संगणकाचे वेगळे विकले गेले. पहिले २३,५७५ कोटींना डिस्ने स्टारकडे राहिले. दुसरे २०,५०० कोटींना रिलायन्सच्या व्हायकॉम१८ कडे गेले. त्यांनी २०२३ मध्ये ते सामने फुकट दाखविले, बारा भाषांत, आणि त्यांत मराठीही होती. त्याच वर्षी भारतातील सामन्यांचे हक्कही स्टारच्या हातून त्यांच्याकडे गेले. मक्त्याच्या बागेचे जे व्हायचे तेच झाले.

स्पर्धकाला हरविता येत नसेल तर त्याच्याशी सोयरीक करावी, असा व्यवहार जुनाच आहे. १४ नोव्हेंबर २०२४ रोजी दोन्ही उद्योग एकत्र होऊन जिओस्टार झाले आणि १४ फेब्रुवारी २०२५ पासून दोन्हींचे मोबाईलवरचे दालनही जिओहॉटस्टार या नावाने एकच झाले. १९९५ च्या निर्णयाने एकाची मक्तेदारी मोडली. तीस वर्षांनी क्रिकेट आणि कबड्डी या दोहोंचे दरवाजे पुन्हा बहुतांशी एकाच घराला आहेत. फरक एवढाच की आता घर खासगी आहे. या घडामोडींत कबड्डीची लीग मात्र एका दिवसासाठीही हातची गेली नाही, कारण ते कलम स्वतःच्या जागेतले होते. २०१४-१५ चा हिशेब बरोबर ठरला तो इथे.

या सगळ्याचा आमच्या मैदानांवर परिणाम झालाच. मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात. आमचा महाविद्यालयाचा संघ सराव मातीत करतो. मॅटवरच्या पहिल्या सामन्यात मी उसने बूट घालून उतरले होते. मातीत पाय घसरतो आणि घसरता घसरता आपण निसटतो. मॅटवर पाय चिकटतो आणि शरीर तेवढे पुढे जाते. दुसऱ्याच चढाईत माझा गुडघा वळला आणि मी बाहेर बसले. मॅटची किंमत लाखांच्या घरात आहे. ती गावच्या वर्गणीत बसत नाही. पडद्यावर कबड्डी सोपी झाली आणि मातीतून पडद्यावर जाणे अवघड झाले, असे मला वाटते.

पण गावेही शिकतात. गेल्या उन्हाळ्यात आत्याच्या गावी सामने होते. मैदान मातीचेच. टेम्पोच्या हौद्यात स्टँड ठोकून दोन मुलगे मोबाईलवरून सामना थेट दाखवीत होते, तिसरा ध्वनिक्षेपकावर समालोचन करीत होता. तिसऱ्या चढाईला तो “करा किंवा मरा” असे ओरडे तेव्हा गर्दी टाळ्यांचा ताल धरी. मुंबई-ठाण्याला नोकरीला असलेली गावची माणसे तिकडे बघत होती. कोणी मोबाईलवरच चढाईला शंभर, पकडीला दोनशे अशी बक्षिसे लावीत होती. त्या मुलांकडे दर सामन्याला किती जण बघत होते याचा हिशेब वहीत लिहिलेला होता. मी तो मागून पाहिला. रात्री साडेआठ ते अकरा बघणारे सर्वांत जास्त; मध्यरात्रीनंतरच्या अंतिम सामन्याला निम्मेही नाहीत.

मी ती वही मंडळाच्या अध्यक्षांना दाखविली आणि संध्याकाळच्या वेळात महिलांचा एक सामना ठेवा म्हणून सांगितले. बघणारे कोण, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, साडेआठला जो कोणता सामना असेल तो लोक बघतात, काका, हे तुमच्याच वहीत आहे. त्यांनी वही उलटसुलट केली. यंदा पत्रिकेत रोहा आणि पेण तालुक्यांच्या मुलींचा एक प्रदर्शनीय सामना छापला आहे. वेळ रात्री साडेआठ. आत्याला मी आठवण केली आहे.